आयव्हीएफचं पॅकेज संपतं तिथून पुढचा खर्च

आयव्हीएफ केंद्रात दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक छापील कागद हातात येतो. इंजेक्शनं, सोनोग्राफी, स्त्रीबीजं काढणं, भूल, लॅब, ट्रान्सफर अशी रकमांची रांग आणि तळाला एकूण आकडा. कुठे दीड लाख, कुठे पावणेदोन, मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या ठिकाणी अडीच लाखांपर्यंत. त्याखाली बारीक टायपात एक ओळ असते, गुंतागुंत झाल्यास येणारा खर्च पॅकेजमध्ये धरलेला नाही, अशा अर्थाची. घरी चर्चा होते ती वरच्या आकड्याची. लोन किती काढायचं, सोनं कुठलं ठेवायचं, माहेरी शब्द टाकायचा का, हे सगळं त्यावर ठरतं. हा लेख खालच्या बारीक ओळीबद्दल आहे. उपचाराला यश येऊन दिवस राहिले, की खर्चाचा मोठा भाग तिथूनच सुरू होऊ शकतो आणि त्याची तयारी फार थोड्या घरांत झालेली असते.

घाबरवायचा हेतू नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून देशातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं आयव्हीएफ बाळ, हर्षा चावडा हिचा जन्म झाला आणि २०१६ मध्ये हर्षा स्वतः आई झाली. जगभरात या उपचारांतून जन्मलेल्या मुलांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे आणि त्यांतली बहुसंख्य मुलं धडधाकट आहेत. तरीही आयव्हीएफचं गर्भारपण नैसर्गिक गर्भारपणापेक्षा थोडं जास्त जोखमीचं असतं. आईचं वय, ज्या दुखण्यामुळे मूल राहत नव्हतं ते दुखणं, बाहेरून दिलेले हार्मोन्स आणि एका वेळी एकापेक्षा जास्त गर्भ सोडण्याची पद्धत, ही त्याची मुख्य कारणं. वय आणि दुखणं बदलता येत नाही. किती गर्भ सोडायचे हे मात्र तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवता.

पुढे दिलेले रुपयांचे आकडे मोठ्या शहरांतल्या मध्यम खासगी रुग्णालयांचे आणि ढोबळ आहेत. सांगली, अकोला, रत्नागिरीला ते कमी पडतील, मुंबईच्या कॉर्पोरेट रुग्णालयात दुप्पटही होतील. कुठला प्रश्न विचारायचा हे कळावं, एवढाच त्यांचा उपयोग. तुमचा आकडा तुमच्या केंद्राकडून लेखी घ्या.

पोट फुगायला लागलं तर

साधारण नऊ ते बारा दिवस रोज इंजेक्शनं देऊन एका वेळी बरीच स्त्रीबीजं तयार केली जातात. काही जणींची अंडाशयं या औषधांना गरजेपेक्षा जास्त दाद देतात. ती सुजतात, रक्तातलं पाणी झिरपून पोटात साठतं, जास्त झालं तर छातीतही. डॉक्टर याला ओएचएसएस म्हणतात. सौम्य त्रास उपचाराच्या तीन सायकलींमागे एकीत होऊ शकतो आणि आपोआप ओसरतो. मध्यम ते तीव्र त्रास शंभरात साधारण तीन ते आठ जणींना होतो. पीसीओएस असलेल्या, वयानं लहान, अंगानं सडपातळ आणि स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच जास्त असलेल्या बाईला धोका अधिक.

हे टाळायचे मार्ग चांगले माहीत आहेत. डोस कमी ठेवायचा, शेवटचं ट्रिगरचं इंजेक्शन एचसीजी हार्मोनऐवजी दुसऱ्या प्रकारचं द्यायचं आणि त्या महिन्यात ट्रान्सफर न करता सगळे गर्भ फ्रीझ करायचे. त्याच महिन्यात दिवस राहिले, तर गर्भाचं स्वतःचं एचसीजी हा त्रास आठवडे लांबवतं. फ्रीझिंगला २० ते ४० हजार आणि नंतरच्या ट्रान्सफरला ४० ते ७० हजार असा वाढीव खर्च येतो. पॅकेजबाहेरचं काहीतरी गळ्यात मारताहेत, असं अनेकांना इथे वाटतं. पीसीओएस असलेल्या बाईला डॉक्टरांनी फ्रीझ करायला सांगितलं, तर ते पैसे खुशाल द्या. तीव्र ओएचएसएसमध्ये दाखल व्हावं लागलं, तर पोटातलं पाणी सुईनं काढणं, एकेक पाचसहा हजारांची अल्ब्युमिनची बाटली, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटात घ्यायचं इंजेक्शन आणि चारसहा दिवसांचं खोलीभाडं मिळून ६० हजार ते दीड लाख सहज होतात. आयसीयू लागलं तर त्याहून वर.

स्त्रीबीजं काढल्यापासून पुढचे दहा-बारा दिवस एक वही ठेवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं. शिंप्याच्या टेपनं बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजायचा. दिवसभरात किती पाणी प्यायलं आणि लघवी किती झाली, हे लिहायचं. वजन एका दिवसात किलोभर वाढलं, घेर वाढत चालला, लघवी कमी आणि गडद व्हायला लागली, आडवं झाल्यावर धाप लागली किंवा एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. या वहीला काही खर्च येत नाही, पण पाणी थोडं असताना दाखवलं तर बरेचदा औषधावर निभावतं. अपरात्री फोन कोण उचलणार आणि दाखल कुठे करणार, हे आधी विचारून ठेवा. बऱ्याच आयव्हीएफ केंद्रांत रात्रभर थांबणारे डॉक्टर नसतात, आयसीयू तर नसतंच. तिथून तुम्हाला दुसऱ्या रुग्णालयात पाठवतील आणि तिथलं डिपॉझिट वेगळं भरावं लागेल.

स्त्रीबीजं काढताना रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सुजलेल्या अंडाशयाला पीळ पडणं हे प्रकारही होतात, पण क्वचित. पीळ पडला तर तातडीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते.

दात्या बाईची स्त्रीबीजं घेणार असाल तर हाच सगळा धोका ती बाई तुमच्यासाठी पत्करते. आयव्हीएफसारख्या उपचारांचं नियमन करणाऱ्या २०२१च्या एआरटी कायद्यानुसार तिचा १२ महिन्यांचा विमा काढणं तुमची जबाबदारी आहे. त्या पॉलिसीची प्रत मागून पाहा.

एक की दोन?

आता सर्वांत महागड्या निर्णयाकडे येऊ. ट्रान्सफरच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी विचारलं जातं, एक सोडायचा की दोन? बरीच जोडपी दोन म्हणतात. इतका खर्च झालाय, परत पैसे कुठून आणायचे, यश मिळायची शक्यता वाढेल, आणि जुळं झालं तर एका बाळंतपणात कुटुंब पूर्ण. आठदहा वर्षं वाट पाहिलेल्या माणसांचा हा हिशेब मला समजतो. तरीही तो चुकतो.

जुळ्यांतली निम्म्याहून अधिक बाळंतपणं ३७ आठवड्यांच्या आत होतात. तिळी असली तर ३२ आठवड्यांच्या आसपासच. एक बाळ वाढवण्यासाठी असलेल्या शरीरावर दोघांचा भार पडतो. त्यामुळे आईचं बीपी वाढणं, साखर वाढणं, रक्त कमी होणं, बाळंतपणानंतर जास्त रक्त जाणं, सिझेरियन होणं, सगळ्याचंच प्रमाण वाढतं. आणि बाळं लवकर आली, की काचेची पेटी.

एक हिशेब मांडून पाहा. ३१व्या आठवड्यात जुळी जन्मली, प्रत्येकी दीड किलोच्या आसपास. अशा बाळाला नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, साधारण महिनाभर राहावं लागतं. पहिले दहा दिवस श्वासाला मशीनचा आधार, नाळेतून सलाईन, रोजच्या रक्ततपासण्या. दिवसाला १५ हजार धरा. पुढचे वीस दिवस नळीनं दूध, वजन वाढायची वाट, कावीळ आणि संसर्गावर नजर; दिवसाला ८ हजार. एका बाळाचे ३ लाख १० हजार झाले, दोघांचे ६ लाख २० हजार. फुप्फुसं उघडायला सरफॅक्टंटचं औषध लागलं तर त्याची एकेक बाटली आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंत, तीही वेगळी. आईचं सिझेरियन वेगळं. रुग्णालयाजवळ महिनाभर राहायची सोय, नवऱ्याच्या बिनपगारी रजा, हे बिलात कुठेच दिसत नाही. एक गर्भ सोडून दुसरा फ्रीझ ठेवला असता आणि पहिल्या वेळी अपयश आलं असतं, तर दुसऱ्या ट्रान्सफरला ५०-६० हजार लागले असते. दोन गर्भ एकदम सोडले काय किंवा एकामागून एक सोडले काय, शेवटी मूल होण्याची शक्यता जवळपास तेवढीच राहते, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. फरक पडतो तो जुळ्यांच्या प्रमाणात.

ब्रिटनमध्ये हाच हिशेब तिथल्या नियामक संस्थेनं मांडला आणि केंद्रांना एका वेळी एकच गर्भ सोडायला प्रवृत्त केलं. नव्वदच्या दशकात तिथली आयव्हीएफची सुमारे २८ टक्के बाळंतपणं जुळ्या-तिळ्यांची होती, २०१९ पर्यंत ती ६ टक्क्यांवर आली. आपल्याकडे यश म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट, असं समीकरण जाहिरातींनी रुजवलं आहे. निरोगी आई आणि पूर्ण दिवसांचं एक बाळ घरी येणं, हे यश मानलं तर बहुतेक जोडप्यांसाठी उत्तर एकच: एक गर्भ. चाळिशीच्या पुढचं वय, वारंवार आलेलं अपयश, गर्भाची प्रत फारशी चांगली नसणं अशी कारणं असली, तर डॉक्टर दोन सुचवू शकतात. तेव्हा कारण लेखी मागा. आणि एकच सोडला तरी शंभरातून एखाद-दुसऱ्या वेळी त्याचीच दोन बाळं होतात, हेही ध्यानात असू द्या.

तीन राहिले, तर एक गर्भ कमी करायचा का, हा प्रश्न समोर येतो. त्यात खर्च आहे, उरलेले गर्भ गमावण्याची थोडी शक्यता आहे, आणि ज्या बाईनं इतक्या वर्षांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके पाहिलेत तिच्यावर येणारा भार शब्दांत सांगता येत नाही. तो टाळायची जागा ट्रान्सफरच्या टेबलावर आहे.

जुळं राहिलंच असेल तर ज्या रुग्णालयात त्याच इमारतीत एनआयसीयू आहे तिथेच नाव घाला. जन्मल्यावर बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा आईच्या पोटातून हलवणं जास्त सुरक्षित आणि स्वस्त. लवकर कळा सुरू होण्याची चिन्हं असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. सगळ्या कोर्सला शंभर-दोनशे रुपयांच्या आत खर्च येतो आणि एनआयसीयूतले कितीतरी दिवस वाचू शकतात. ती दिली का, हे नातेवाइकांनी आवर्जून विचारावं. उलट, काही खास कारण नसताना महिनोन्महिने अंथरुणाला खिळवून ठेवल्यानं जुळी वेळेआधी यायची थांबतात, याला पुरावा नाही. त्यात बाईचा पगार जातो आणि पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो.

बाळ घरी सोडलेलं असो वा नसो, दोन तपासण्या राहतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे, पडद्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना जन्मापासून ३० दिवसांच्या आत दाखवायचे. हजार-दोन हजारांची ही तपासणी चुकली तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. दुसरी ऐकू येण्याची.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर

पहिल्या दोन-अडीच महिन्यांत प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा योनीमार्गे घ्यायच्या गोळ्या-जेल चालू असतात. प्रकारानुसार महिन्याला दोन हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंत. पॅकेजमध्ये ही बहुधा नसतात. याच काळात गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला नाही ना, हे पाहायचं असतं. नैसर्गिक गर्भारपणात हे शंभरात एक-दोनदा होतं, आयव्हीएफमध्ये थोडं जास्त. बीटा एचसीजी दर दोन दिवसांनी नीट वाढतंय का आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत पिशवी जागेवर दिसते का, यावरून कळतं. लवकर कळलं तर मेथोट्रेक्सेटच्या काहीशे रुपयांच्या इंजेक्शनवर भागू शकतं. नळी फुटली तर रात्रीतून शस्त्रक्रिया आणि रक्त, ८० हजार ते दीड लाख. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाशी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, थोडं रक्त दिसणं, यांतलं काही झालं तर आधी रुग्णालय गाठा. 'ट्रान्सफर तर गर्भाशयात केला होता, मग नळीत कसा जाईल' असं म्हणून घरी बसू नका, तो जातो.

बीपीकडे मात्र मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन. फ्रीझ केलेला गर्भ बाहेरून हार्मोन देऊन तयार केलेल्या अस्तरावर सोडला, की विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त दिसतो. बाईच्या स्वतःच्या पाळीच्या चक्रात केलेल्या ट्रान्सफरला तो कमी. पाळी नियमित असेल तर 'माझ्या नैसर्गिक चक्रात करता येईल का' हे विचारायला काही खर्च नाही, उलट औषधांचे पैसे वाचतात. दात्या बाईचं स्त्रीबीज असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, जुळं असेल तर धोका आणखी वाढतो. अशांना बाराव्या आठवड्याच्या सुमारास रात्री घ्यायची कमी डोसची अॅस्पिरिन सुरू करतात. दिवसाला एक-दोन रुपयांची ही गोळी लवकर उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया बऱ्याच प्रमाणात टाळते. सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केली तर उपयोग घटतो, म्हणून तिचं नाव तिसऱ्या महिन्याच्या भेटीत तुम्ही स्वतः काढा. आपल्या मनानं मात्र घेऊ नका, रक्तस्राव होत असेल तर ती चालत नाही. घरी दीड-दोन हजारांचं बीपीचं मशीन घ्या. वरचा आकडा १४० च्या किंवा खालचा ९० च्या वर गेला, डोकं फुटेल असं दुखलं, दिसायला अंधुक झालं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखलं तर लगेच दाखवायचं. झटके येऊन आयसीयूत गेलेल्या बाईचा खर्च दोन-तीन लाखांच्या घरात जातो आणि तिचा जीव टांगणीला लागतो.

साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या, दोन-तीनशे रुपयांची आहे. वार खाली असण्याचं प्रमाणही आयव्हीएफमध्ये जास्त. पूर्वी सिझेरियन किंवा फायब्रॉइडची शस्त्रक्रिया झालेली असेल तर वार गर्भाशयात रुतली आहे का, हे सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना मुद्दाम पाहायला सांगा. तसं असेल तर बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच, आणि रक्तदाते आधी ठरवून.

सोनोग्राफींचा खर्च असा धरा: अकरा ते चौदा आठवड्यांची एनटी आणि डबल मार्कर मिळून चार ते सहा हजार, अठरा ते वीस आठवड्यांची व्यंगतपासणी अडीच ते साडेचार हजार, पुढच्या वाढीच्या आणि डॉपलरच्या दोन-तीन मिळून सहा ते नऊ हजार. आयव्हीएफच्या बाळांत हृदयाच्या दोषांचं प्रमाण किंचित जास्त असतं, म्हणून बाविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, दोन ते चार हजार. ती करून घ्या. दहा-वीस हजारांची एनआयपीटी सगळ्यांनाच लागत नाही, जुन्या तपासण्यांत शंका निघाली किंवा वय जास्त असलं तर विचार करा.

पैसे वाचवायचे असतील तर ते उपचाराच्या अलीकडच्या टोकाला वाचवा. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडे काढणं, इंट्रालिपिडचं सलाईन, पीआरपी, सगळ्यांच्याच गर्भांची गुणसूत्रं तपासणं, अशा जोडउपचारांचे २० हजार ते लाखभर रुपये घेतले जातात. त्यांनी मूल होण्याची शक्यता सर्वसाधारण जोडप्यात वाढते, याचा भक्कम पुरावा नाही. ती रक्कम पुढच्या नऊ महिन्यांसाठी राखून ठेवा.

मेडिक्लेममध्ये काय बसतं

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार आणि बाळंतपण हे दोन्ही वगळलेले असतात. विमा नियामक आयआरडीएआयनं ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकीत ते क्रमांक १७ आणि १८ वर आहेत. सिझेरियन आणि अवघड बाळंतपणही त्या वगळणुकीत येतं. पण त्याच कलमात एक अपवाद आहे: नळीतलं गर्भारपण. त्याची शस्त्रक्रिया बाळंतपणाच्या नावाखाली नाकारता येत नाही. विमा कंपनीनं किंवा तिचे दावे हाताळणाऱ्या टीपीएनं नाकारलं तर या अपवादावर बोट ठेवून लेखी तक्रार करा.

बाळंतपणाचं कव्हर असलेल्या पॉलिसीला नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत प्रतीक्षा असते, म्हणून ती उपचार सुरू करायच्या बरीच आधी घ्यावी लागते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर एचआरकडून तीन गोष्टी ईमेलवर विचारा. बाळंतपणाची मर्यादा किती? नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलेलं आहे की ९० दिवसांनंतर? बाळाचा एनआयसीयूचा खर्च बाळंतपणाच्या ५० हजारांच्या मर्यादेत मोजणार की कुटुंबाच्या पूर्ण रकमेतून देणार? तिसऱ्या उत्तरावर पाच-सहा लाखांचा फरक पडतो. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी पाहा. नोकरदार बाईला २६ आठवड्यांच्या रजेशिवाय गर्भपात झाल्यास सहा आठवडे, आणि गर्भारपणातल्या आजारासाठी किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं झाल्यास जादा एक महिना पगारी रजेचा हक्क कायद्यानं आहे.

बिलात आयव्हीएफ सेवेवर जीएसटी लावलेला दिसला तर हरकत घ्या. ही आरोग्यसेवा असल्यानं करमुक्त आहे, हे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सरकारी रुग्णालयाची वाट आधी पाहून ठेवा

खासगी केंद्रात आयव्हीएफ केलं म्हणून बाळंतपणही खासगीतच करायला पाहिजे, असा कुठेच नियम नाही. मुंबईत केईएम, शीव, नायर, परळचं धर्मादाय वाडिया, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि डागा, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज म्हणजे गोमेकॉ. जोखमीची बाळंतपणं इथले डॉक्टर रोज करतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि आजारी बाळावरचे एक वर्षापर्यंतचे उपचार मोफत आहेत. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली, आईला अजून दूध येत नसलेल्या कमी दिवसांच्या बाळाला ते दूध औषधासारखं लागू पडतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. एनआयसीयू असलेलं जवळचं कुठलं खासगी रुग्णालय योजनेच्या यादीत आहे, हे सातव्या महिन्याच्या आत योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून विचारा आणि रेशनकार्ड, आधार तयार ठेवा. अडीअडचणीला रुग्णवाहिका १०८.

नाव मात्र आधी घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, खासगीत चाललं असलं तरी एकदोनदा तिथे जाऊन केसपेपर करून ठेवा. रात्री दोन वाजता बीपी वाढलेल्या बाईला घेऊन पहिल्यांदा दारात उभं राहणं आणि हातात केसपेपर असणं, यात फार अंतर आहे. गोमेकॉत तर २०२३ पासून आयव्हीएफचे उपचारही मोफत मिळतात. केंद्र सरकारी नोकरांना सीजीएचएसमधून आयव्हीएफसाठी ठरावीक मर्यादेत परतावा मिळतो, पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

केंद्राकडून लेखी काय घ्यायचं

२५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या एआरटी कायद्यानं प्रत्येक केंद्रावर नोंदणी बंधनकारक केली आहे. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेतच उपचार देता येतात. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, त्याची मुदत पाहा. याच कायद्यानुसार उपचाराचे फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांसह सगळे धोके जोडप्याला समजावून सांगणं, आणि तक्रार निवारण कक्ष ठेवणं हे केंद्राचं कर्तव्य आहे. म्हणजे हे प्रश्न विचारताना तुम्ही कुणाचा अविश्वास करत नाही, हक्काचं मागता.

संमतिपत्र सही करण्यासाठी भूल द्यायच्या दिवशी सकाळी पुढे करतात. ते आठवडाभर आधी घरी न्या, मराठीत मागा, दोघांनी वाचा. ओएचएसएस झाल्यास दाखल करण्याचा खर्च कोणाचा, फ्रीझिंगचं दरवर्षीचं भाडं किती, किती गर्भ सोडणार, पॉझिटिव्ह आल्यानंतर कितव्या आठवड्यापर्यंत तुम्ही पाहणार आणि पुढे कोणाकडे पाठवणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या. 'शंभर टक्के यश' किंवा 'मूल नाही तर पैसे परत' असं लिहिणाऱ्यांच्या अटी दोनदा वाचा. पैसे परतीच्या योजनांत यश म्हणजे काय याची व्याख्या पाहा. कित्येक ठिकाणी पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की करार पूर्ण धरतात, मग पुढे गर्भ टिको न टिको. उपचाराची सगळी कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना त्यांची गरज लागते. फसवणूक झाली असं वाटलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार.

राखीव रकमेचं माझं मत स्पष्ट आहे. एक गर्भ सोडणार असाल तर पॅकेजशिवाय किमान दोन लाख रुपये किंवा तेवढ्या रकमेचं बाळंतपण आणि नवजात बाळ धरणारं विमा संरक्षण हाताशी हवं. दोन सोडणार असाल तर आठ लाखांची तयारी हवी. सगळी पुंजी आणि कर्ज मिळून पॅकेजच जेमतेम भरत असेल, तर उपचार दोन-चार महिने पुढे ढकला. तेवढ्या वेळात जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन या, एचआरला ईमेल करा, पैसे साठवा. वय ३७-३८ च्या पुढे असेल आणि थांबणं परवडणारं नसेल, तर स्त्रीबीजं आता काढून गर्भ फ्रीझ करा आणि ट्रान्सफर तयारी झाल्यावर करा. ट्रान्सफरच्या टेबलावर जाण्याआधी मात्र डॉक्टरांना दोघांनी मिळून सांगा, आम्हाला एकच गर्भ सोडायचा आहे, तसं केसपेपरवर लिहा.